गनची गोटी वेगळी, हाताची गोटी वेगळी

राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४, म्हणजे पूर्वीचा ७ नंबरचा रस्ता, यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या गावांवरून पुढे तेलंगणात जातो. दुसरा मोठा रस्ता, क्रमांक ३६१, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, कळंब असा नागपूरच्या दिशेने निघतो. वणी परिसरातील खाणींचा कोळसा ट्रकांतून बाहेर पडतो आणि हंगामात कापसाच्या गाड्या जिनिंगसमोर रांगा लावतात. एवढी चाके जिथे फिरतात तिथे ती खोलणारे हातही लागतात. या रस्त्यांच्या कडेची टायरची दुकाने, गॅरेज, ट्रॅक्टर दुरुस्तीचे शेड आणि गावातली हार्डवेअरची दुकाने यांत आपल्या समाजातील कारागीर व दुकानदार मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या रोजच्या वापरातील एका लहान वस्तूविषयी आज लिहायचे आहे. ती वस्तू म्हणजे गोटी.

पूर्वी ट्रकचे चाक खोलायचे म्हणजे लांब पाना, त्यावर पाइप आणि पाइपवर उभा राहिलेला माणूस असे दृश्य असे. आता लहान दुकानांतही कॉम्प्रेसरवर चालणारी हवेची गन आली आहे. बॅटरीवरच्या गनही मिळू लागल्या आहेत. तासाचे काम मिनिटांवर आले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु गन नवी आली तरी गोट्यांचा डबा मात्र अनेक ठिकाणी जुनाच राहिला. हातपान्याच्या चकचकीत गोट्या आणि गनच्या काळ्या गोट्या एकाच डब्यात पडलेल्या असतात. घाईच्या वेळी जी हाताला लागेल ती गनवर चढते. बोल्ट खराब होणे, गोटी फुटणे आणि डोळ्याला इजा होणे या तिन्ही गोष्टींची सुरुवात येथूनच होते.

सोय झाली, तीच अडचण झाली

गोटी कोणत्याही दांड्याला का बसते, हे आधी पाहू. एके काळी प्रत्येक गोटी तिच्या दांड्यालाच कायमची जोडलेली असे. जितके माप तितके पाने घ्यावे लागत. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात जोसेफ जॉन्सन आणि विल्यम साइडमन यांनी दांडा वेगळा आणि गोटी वेगळी असे संच बाजारात आणले. थोड्या दांड्यांवर अनेक गोट्या बसू लागल्या. त्यांनी काढलेली स्नॅप-ऑन कंपनी आजही चालू आहे.

या सोयीचे मर्म गोटीच्या मागच्या चौकोनी भोकात आहे. ती मापे जगभर ठरलेली आहेत : पाव इंच, तीन अष्टमांश, अर्धा, पाऊण आणि एक इंच. काही गोट्यांवर हीच मापे मिलिमीटरमध्ये ६.३, १०, १२.५, २० आणि २५ अशी लिहिलेली असतात. गोटीवर १२.५ दिसले तर ती अर्ध्या इंची दांड्याचीच समजावी. अर्ध्या इंची रॅचेटला बसणारी गोटी अर्ध्या इंची गनलाही बसते. मात्र ती बसते याचा अर्थ ती गनचा मार सोसते असा होत नाही.

गोटी का फुटते?

हातपान्याने आपण जोर हळूहळू वाढवत नेतो. गनचे काम तसे नाही. तिच्या आत एक हातोडा फिरत असतो आणि तो मिनिटाला हजारावर ठोके देतो. प्रत्येक ठोका गोटीच्या भिंतीवर बसतो.

हातपान्याची गोटी बहुधा क्रोम व्हॅनेडियम पोलादाची असते. ती कडक केलेली असते, भिंत पातळ ठेवलेली असते आणि वर क्रोमचा चकाकता मुलामा असतो. अडचणीच्या जागेत ती सहज शिरते आणि तिची धार लवकर झिजत नाही. परंतु जे जास्त कडक असते ते ठोक्याला तडकते. अशी गोटी गनवर आधी केसासारखी चीर धरते आणि एके दिवशी तुकडे होऊन उडते. क्रोमची खपली तर त्याआधीच निघते. ती काचेच्या कपचीसारखी धारदार असते.

गनसाठीची गोटी, जिला इम्पॅक्ट गोटी म्हणतात, ती बहुधा क्रोम मॉलिब्डेनम पोलादाची असते. तिची भिंत जाड असते. तिला पाणी देताना कडकपणा थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ठोका पोटात घेऊन ती किंचित लवचीक राहते. तिच्यावर क्रोम चढवत नाहीत, काळा फॉस्फेटचा थर देतात. काही कारखाने इम्पॅक्ट गोटीही क्रोम व्हॅनेडियमची बनवतात. म्हणून केवळ धातूचे नाव वाचून निर्णय घेऊ नये. गोटीवर ‘इम्पॅक्ट’ असा ठसा आहे का, हे पाहावे.

उलट बाजूने मात्र धोका नाही. इम्पॅक्ट गोटी हाताच्या दांड्यावर खुशाल वापरता येते. ती जड असते आणि अरुंद जागेत शिरत नाही, एवढीच तिची अडचण. म्हणून ज्याच्याजवळ एकच संच घेण्याइतके पैसे आहेत आणि काम मुख्यतः चाकांचे आहे, त्याने इम्पॅक्ट गोट्याच घ्याव्यात.

काळा रंग म्हणजे इम्पॅक्ट नव्हे

बाजारात साध्या गोटीला काळा रंग देऊन विकण्याचे प्रकार होतात. घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

गोटी किल्लीने आतल्या बाजूला हळूच खरवडून पाहा. काळ्या रंगाची साल निघून खाली चमकता क्रोम दिसला तर ती गोटी गनसाठी नाही. तोंडाकडून पाहून भिंत चारी बाजूंनी सारखी जाड आहे की नाही ते तपासा. भोक एका बाजूला सरकलेले असेल तर पातळ बाजूकडून ती फुटणार. माप आणि कारखान्याचे नाव ठसठशीत कोरलेले असावे. नुसता कागदी लेबल चिकटवलेला माल घेऊ नये.

पाऊण व एक इंची गोट्यांच्या मानेला आरपार छिद्र आणि बाहेरून खाच असते. छिद्रात पिन आणि खाचेत रबरी रिंग बसवल्यावर गोटी गनवरून निसटत नाही. पुष्कळ दुकानांत पिन हरवलेली असते आणि तिच्या जागी खिळा किंवा तार अडकवलेली दिसते. फिरत्या गोटीतून बाहेर आलेला खिळा हात फाडू शकतो. पिन आणि रिंगची किंमत अगदी किरकोळ असते. दोन जोड जास्तीचे ठेवावेत.

आणखी एक गोष्ट अनेकजण विसरतात. गोटी इम्पॅक्टची घेतात, पण मधला एक्स्टेंशन, अडॅप्टर किंवा युनिव्हर्सल जॉइंट हातपान्याच्या संचातला लावतात. साखळी कच्च्या कडीपाशीच तुटते. गन आणि नट यांच्यामध्ये जे जे येते ते सर्व गनसाठी बनवलेलेच असले पाहिजे.

सहा कोन की बारा कोन?

गोटीच्या आतील घर सहा कोनी असते किंवा बारा कोनी. बारा कोनी गोटी थोड्याशा फिरण्यातच बोल्टवर बसते, म्हणून अडचणीच्या जागी हाताने काम करताना ती सोयीची. पण तिचा जोर बोल्टच्या कोपऱ्यांजवळ पडतो. गंजलेल्या किंवा झिजलेल्या बोल्टवर ती घसरते आणि कोपरे गोल करून टाकते. सहा कोनी गोटी बोल्टच्या सपाट बाजूंवर जोर देते. गनवर सहा कोनीच वापरावी. हातानेही जुना, गंजका बोल्ट सोडवायचा असेल तर सहा कोनी गोटी बरी. एक बोल्ट गोल झाला की पुढे छिन्नी, वेल्डिंग, ड्रिल असा अर्धा दिवस जातो आणि त्याची मजुरी ग्राहक देत नाही.

चाकांच्या बाबतीत लांब गोटीचाही विचार करावा. जिथे स्टड नटाच्या बाहेर बराच आलेला असतो तिथे आखूड गोटी पूर्ण बसत नाही. ती नटाच्या वरच्या कडेला धरते आणि घसरते.

मिलिमीटर, इंच आणि व्हिटवर्थ

आपल्या जिल्ह्यात एकाच शेडमध्ये नवी कार, जुनी जीप, ट्रॅक्टर आणि जिनिंगचे यंत्र दुरुस्तीला येते. मापांचा गोंधळ त्यामुळेच होतो.

आधी मिलिमीटर घेऊ. १० मि.मी. जाडीच्या बोल्टचे डोके जुन्या जर्मन पद्धतीत १७ चे, नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १६ चे आणि जपानी घाटणीच्या गाड्यांत १४ चे असते. १२ मि.मी. च्या बोल्टला तसेच १९, १८ आणि १७ असे तीन प्रकार मिळतात. १० चा बोल्ट म्हणजे १७ ची गोटी, असा हिशेब आता चालत नाही. डोके मोजूनच गोटी उचलावी. १६ आणि १८ या गोट्या जुन्या संचांत पुष्कळदा नसतात. त्या सुट्या घेऊन ठेवाव्यात.

जुन्या जीपवर आणि ब्रिटिश-अमेरिकी घाटणीच्या ट्रॅक्टरवर इंची बोल्ट सापडतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मि.मी., त्यामुळे १९ ची गोटी तिथे चालून जाते. पाच अष्टमांश इंच म्हणजे १५.८८, तिथे १६ चालते. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी. असतो. त्यावर १३ ची गोटी ढिली बसते आणि जोर दिला की कोपरे खाते. नऊ सोळांश इंच म्हणजे १४.२९. त्यावर १४ ची बसत नाही आणि १५ ची ढिली होते. अकरा सोळांशचे १७ व १८ शी असेच भांडण आहे. ट्रॅक्टरचे काम करणाऱ्याने या तीन इंची गोट्या घेतल्याच पाहिजेत.

इंग्लंडहून आलेल्या जुन्या यंत्रांवर तिसराच प्रकार भेटतो. तो म्हणजे व्हिटवर्थ. येथे पान्यावरचा आकडा डोक्याचे माप सांगत नाही, बोल्टची जाडी सांगतो. अर्ध्या इंची व्हिटवर्थ बोल्टचे डोके ०.९२ इंच, म्हणजे सुमारे २३.४ मि.मी. भरते. त्यावर २४ ची गोटी घालून गन चालवली तर नट गोल होतोच. बदली नटही सहज मिळत नाही.

या सर्वांवर उपाय एकच. व्हर्निअर कॅलिपर घ्या. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मोजा. गोटी हाताने बसवून डावी-उजवीकडे हलवून पाहा. ती डुगडुगत असेल तर जोर देऊ नका.

गनने सोडा, पान्याने कसा

गन नट सोडण्यासाठी उत्तम आहे. कसण्यासाठी तिच्यावर डोळे झाकून विसंबू नये. नट किती कसला गेला हे गन सांगत नाही. कमी कसला तर चाक ढिले होते. जास्त कसला तर स्टड ताणला जातो आणि पुढे भर रस्त्यात तुटतो. कोळशाने भरलेल्या ट्रकचे चाक निखळले तर कोणाच्या जिवावर बेतेल सांगता येत नाही.

कसण्याचा जोर न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एक मीटर लांब आडव्या दांड्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले तर सुमारे १०० न्यूटन-मीटर जोर पडतो. साध्या कारच्या चाकाच्या नटाला साधारण एवढाच जोर लागतो. मोठ्या ट्रकला ६०० च्या आसपास लागतो, म्हणजे साठ किलोचा माणूस त्याच एक मीटर दांड्याच्या टोकावर शांत उभा राहावा तेवढा. पाइप दोन मीटरचा झाला तर त्याच माणसाचा जोर दुप्पट होतो आणि त्याने उड्या मारल्या तर हिशेबच राहत नाही. प्रत्येक गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो पाहून भिंतीवर लिहून ठेवावा.

योग्य रीत अशी. नट आधी हाताने दोन-चार आटे फिरवून बसवावा, म्हणजे आटे तिरपे चढत नाहीत. मग गनने हलकेच टेकवावा. शेवटी टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट आळीपाळीने घेत, ठरलेल्या जोराला कसावा. गाडी ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा तपासावे लागतात, हे ड्रायव्हरला सांगावे आणि बिलावरही लिहावे. काही जुन्या जीप आणि ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. गन लावण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे.

वेल्डिंगची गोटी

आपले कारागीर हिकमती आहेत. माप मिळाले नाही तर जुन्या गोटीला पाइप वेल्ड करून नवा पाना तयार होतो. लोखंडाची ज्याला जाण आहे त्याला हे सांगायला नको की पाणी दिलेले पोलाद तापले की त्याचा कडकपणा जातो आणि वेल्डिंगच्या कडेला ते ठिसूळही होऊ शकते. असा पाना हाताने, बेताने वापरला तर एखादे अडलेले काम निघते. गनवर तो कधीही चढवू नये. तडकलेली गोटी वेल्ड करून पुन्हा डब्यात टाकणे हे तर शिकाऊ मुलाच्या हाती सुतळी बॉम्ब देण्यासारखे आहे. आठवड्यातून एकदा सर्व गोट्या डिझेलने धुऊन उजेडात पाहाव्यात. चीर दिसली की ती गोटी भंगारात टाकावी.

डोळ्यापुढे चष्मा हवाच. तो उस्तादलाही हवा आणि शेजारी टॉर्च धरून उभ्या असलेल्या शागीर्दलाही हवा. ढिले हातमोजे आणि लोंबती बाही फिरत्या गोटीत अडकते, त्यांपासून सावध राहावे. गनचा आवाज रोज कानावर पडतो, त्यासाठी कानात बोळे घालावेत. डोळ्यात लोखंडाची कपची गेलीच तर काडीने, रुमालाच्या टोकाने किंवा चुंबकाने ती काढण्याचा प्रयत्न करू नये. डोळा चोळू नये, दाबू नये. वर स्वच्छ वाटीसारखे काही झाकून तडक नेत्रतज्ज्ञाकडे जावे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रात्रभर थांबून सकाळी पाहू, असे म्हणण्यात डोळा जातो.

दुकानदार बंधूंसाठी

या प्रकरणात हार्डवेअर दुकानदाराची जबाबदारी मोठी आहे. दुकानात एवढे बोलणे झाले तरी पुष्कळ अपघात टळतील :

“चाचा, बत्तीसची गोटी द्या.”

“हाताला पाहिजे का गनला, बेटा?”

“गनलाच. पण स्वस्तातली द्या.”

“स्वस्तातली हाताची आहे. गनला लावशील तर ती टिकणार नाही, आणि फुटली तर कंपनी बदलूनही देणार नाही. गनची ही घे. दोन पैसे जास्त पडतील, पण काम करशील.”

हातपान्याची गोटी गनवर फुटली तर बहुतेक कारखाने ती बदलून देत नाहीत, हे खरेच आहे. ग्राहकाला ही गोष्ट आधी सांगणारा दुकानदार आज एका विक्रीत चार पैसे कमी कमावेल, पण तो ग्राहक पुढचा संच त्याच्याकडेच घेईल. मालातला दोष झाकून विकू नये, ही आपली जुनी शिकवण आहे. गनसाठी न चालणारी गोटी गनची म्हणून देणे हा तोच दोष झाला.

दोन्ही प्रकारचा माल वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावा. सुट्या गोट्यांपैकी १६, १८, २१ आणि इंची मापे जवळ असू द्यावीत, कारण संचातून हरवतात किंवा मुळात नसतात त्या याच. आपल्याकडे हातअवजारे नाशिक, जालंधर, लुधियाना, नागौर अशा ठिकाणांहून येतात. ठोक खरेदी करताना कारखान्याचे नाव आणि पक्के बिल मागावे. बिल असेल तरच खराब माल परत करताना आपला आवाज चालतो.

अवजारांसाठी सरकारी मदतीविषयी अनेकजण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय घेतले आहेत आणि अवजारांच्या संचासाठी १५,००० रुपयांपर्यंतची तरतूद आहे. लोहार, कुलूप कारागीर आणि हातोडा व अवजारे बनवणारे त्यात बसतात. मोटार मेकॅनिक त्या यादीत नाही. तेव्हा मेकॅनिकला या योजनेतून गोटी संच मिळवून देतो, असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

सुरुवात कोठून करावी?

नवे दुकान टाकणाऱ्याने एकदम शंभर नगांचा चकचकीत डबा घेऊ नये. त्यातल्या निम्म्या गोट्यांना कधी हात लागत नाही. मोटारसायकलीचे काम असेल तर तीन अष्टमांश इंची रॅचेट, ८ पासून १९ पर्यंतच्या सहा कोनी गोट्या आणि स्पार्क प्लगच्या १६, १८, २१ च्या लांब गोट्या पुरेत. कार व ट्रॅक्टरसाठी अर्ध्या इंची हातसंच, त्यात वर सांगितलेली इंची मापे, आणि चाकांसाठी १७, १९, २१ च्या लांब इम्पॅक्ट गोट्या घ्याव्यात. ट्रकसाठी पाऊण किंवा एक इंची गन आणि आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांचे नट मोजून त्या मापाच्या, बहुधा ३० ते ३३ च्या, जाड इम्पॅक्ट गोट्या घ्याव्यात. टॉर्क रेंच सुरुवातीला महाग वाटेल. शेजारच्या दोन-तीन दुकानांनी मिळून एक घेतला तरी चालेल.

आणि हे सर्व घेण्याआधी आज संध्याकाळी दुकान बंद करताना एक काम करावे. गोट्यांचा डबा जमिनीवर ओतावा. काळ्या एका बाजूला, चकचकीत दुसऱ्या बाजूला आणि तडकलेल्या भंगाराच्या पोत्यात टाकाव्यात. दोन डब्यांवर रंगाने लिहावे : एकावर ‘गन’, दुसऱ्यावर ‘हात’. याला पैसा लागत नाही. उद्या सकाळी ट्रक येऊन उभा राहील आणि ड्रायव्हर घाई करील, तेव्हा शिकाऊ पोराचा हात आपोआप बरोबर डब्यात जाईल.